ठेव मोडू नकोस, दादा

१९ एप्रिल २०२५

प्रिय दादा आणि वहिनी,
नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "ठेव मोडतो आणि दहा लाख पाठवतो, तू मध्ये बोलायचं नाही." मी खरंच बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. म्हणून हे पत्र. ठेव मोडू नकोस. यांच्या हृदयविकाराच्या बिलांचा, इथल्या अमेरिकेतल्या विम्याचा! चार महिने कागदांशी झटापट केल्यावर हा हिशोब मला आत्ता कुठे जरा कळायला लागलाय, तो तुलाही सांगते.

तुला घाबरून सांगितला होता तो २,८७,००० डॉलरचा आकडा आम्हाला भरायचाच नव्हता. तो रुग्णालयानं लावलेला भाव. विमा कंपनीचा त्यांच्याशी आधीच ठरलेला दर त्याहून कितीतरी कमी असतो. शिवाय नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतल्या, उपचारांसाठी आपल्या खिशातून वर्षाला किती जाऊ शकतं यावर मर्यादा असते. यंदा, २०२५ साली, बहुतेक विम्यांना कायद्यानं ती एका माणसामागे ९,२०० डॉलरच्या वर ठेवता येत नाही. आमची ८,००० आहे. हे मला डिसेंबरात कुणी सांगितलं असतं, तर आयसीयूबाहेर बसून मी घर विकायचे हिशोब मांडले नसते.

पण एक गंमत ऐक (गंमतच म्हणते आता). यांना हृदयविकाराचा झटका आला ९ डिसेंबरला, बायपास झाली, २७ तारखेला घरी आलो. चार दिवसांनी वर्ष बदललं आणि विम्याचं मीटर पुन्हा शून्यावर! डिसेंबरात मर्यादा गाठली होती, जानेवारीच्या पहिल्या तपासणीपासून पुन्हा आमच्या खिशातून सुरू. आजारानं तारीख बघून यायला हवं होतं.

बिलं एका ठिकाणाहून येत नाहीत. रुग्णालयाचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भूलतज्ज्ञाचं वेगळं, रक्ततपासणीचं वेगळं. त्यात विमा कंपनीचा एक कागद येतो, हुबेहूब बिलासारखा, आणि त्यावर छापलेलं असतं की हे बिल नाही! त्याला ईओबी म्हणतात. आपला वाटा किती, ते त्यात असतं. तो यायच्या आधी कुणाला दमडी द्यायची नाही, हे मी पैसे घालवून शिकले. पहिल्याच आठवड्यात एका बिलाचे १,४०० डॉलर क्रेडिट कार्डावर भरून टाकले. देणं डोक्यावर नको, हे आपल्या घरातलं वळण. नंतर ईओबी आला, त्यात आमचा वाटा ३१० डॉलर. उरलेले परत मिळायला अडीच महिने आणि अकरा फोन लागले, आणि कार्डाचं व्याज गेलं ते गेलंच.

भूलतज्ज्ञ विम्याच्या नेटवर्कबाहेरचा निघाला, त्याचे ६,४०० डॉलर मागितले. ऑपरेशन टेबलावरचा माणूस भूलतज्ज्ञाला विचारणार का, की बाबा, तू कुठल्या नेटवर्कचा? १ जानेवारी २०२२ पासून इथे यावर कायदा आहे. रुग्णालय नेटवर्कमधलं असेल, तर अशा डॉक्टरला वरचे पैसे रुग्णाकडून मागता येत नाहीत. कायद्याचं नाव घालून पत्र लिहिलं, बिल मागे घेतलं. तेवढ्याच जोमानं मी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांशी भांडायला गेले आणि तोंडावर पडले. त्या कायद्यात हेलिकॉप्टर येतं, रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही. २,९०० डॉलर मागत होते. एकरकमी देते म्हटल्यावर १,७०० वर तयार झाले. घासाघीस आईकडून शिकले, इथे कामाला आली.

विमा कंपनीनं शेवटच्या चार दिवसांचे पैसे नाकारलेत, "वैद्यकीयदृष्ट्या गरज नव्हती" म्हणून. ताप उतरत नव्हता, ते दिवस. नकारापासून १८० दिवसांत अपील करता येतं. डॉक्टरांचं पत्र जोडून केलंय. तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञांकडे दाद मागता येते. निकाल अजून नाही, तेवढी एक धास्ती आहे.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते. हे रुग्णालय धर्मादाय आहे. इथल्या अशा रुग्णालयांना बिल न झेपणाऱ्यांसाठी मदतीची लेखी योजना ठेवावीच लागते, आणि पहिलं बिल आल्यापासून २४० दिवस अर्ज करता येतो. तो अर्ज तीन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. दोघं कमावणारे, आणि दानासाठी हात पसरायचा? यांना तर सांगितलंच नाही. पण माझी तीन महिन्यांची रजा बिनपगारी, यांचा पगार निम्म्यावर. शेवटी एका रात्री पगाराच्या पावत्या जोडल्या आणि सकाळी पाकीट टाकून आले. पेटीत टाकताना आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. इथे मला ओळखतं कोण! रुग्णालयाला द्यायच्या आमच्या ६,२०० मधले चाळीस टक्के माफ झाले. उरले ३,७२०, ते चोवीस महिन्यांत, महिना १५५ डॉलर, बिनव्याजी. ज्या बाईनं मंजुरीचा फोन केला, तिला मी तीनदा थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, अर्ज आधीच का नाही केलात?

तर दादा, महिन्याचे १५५ आम्ही भरू शकतो. अपील हरलो तर तुझ्याकडे मागेन, न लाजता मागेन. तोवर ठेव राहू दे.

वहिनी, आईला आकडा कळू देऊ नका, तिला फक्त सांगा की हे आता जिना थांबत थांबत चढतात. काल मधल्या पायरीवर बसून मला म्हणाले, "तो खणातला अर्ज मी जानेवारीतच बघितला होता. तू कधी भरतेस, याची वाट बघत होतो."

तुझी,
छोटी