राक्षस दाखवायला नको होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नवीन पिक्चरना स्टार देतात ते मी न चुकता वाचतो, पण जुन्या पिक्चरना कधी चार ओळींची पण जागा मिळत नाही याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा जमून जुना हॉरर लावतो, आणि संपला की कोणी तोंड उघडायच्या आधी ज्याने त्याने कागदावर दहापैकी मार्क लिहायचे. या वेळी 'नाइट ऑफ द डेमन' होता, 1957 चा, ब्रिटिश, ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक जाक तुर्नर. त्यात कार्सवेल नावाचा एक मंत्रतंत्रवाला आहे, तो जुन्या लिपीत काहीतरी लिहिलेली चिठ्ठी गुपचूप तुमच्या कागदांत सरकवतो, की झालं, ठरलेल्या दिवशी तुमचा खेळ खल्लास, सुटायचं तर ती परत त्याच्याच हातात गेली पाहिजे. एका सीनमध्ये ती चिठ्ठी आपल्याआपण उडते आणि शेकोटीच्या जाळीला चिकटून फडफडत राहते, आत जाऊन जळायला धडपडतेय अशी. साधा कागद हो! आमच्यातला एकजण हातातला चहा तसाच धरून बसला होता.

मार्क पडले 9, 7, 7 आणि माझे 8. भांडण झालं ते राक्षसावरून. तो सुरुवातीलाच सरळ समोर दाखवलाय, तुर्नरला तसं नको होतं, निर्मात्याने तो घालायला लावला असं सांगतात. नऊवाला म्हणाला, अरे तो आधी दिसला म्हणूनच तर कशावर विश्वास न ठेवणाऱ्या हिरोची आपल्याला काळजी वाटते, आपल्याला माहितीये आणि त्याला नाही. मुद्दा बरोबर आहे, मी रात्रभर त्यावर विचार केला, तरी मला वाटतं त्या चिठ्ठीत जी भीती आहे ती त्या रबरी तोंडात नाही, तो राक्षस नसता तर मी दहा दिले असते.

तर विनंती एवढीच की महिन्याला एका जुन्या पिक्चरवर लिहा, आणि कुठली कॉपी बघायची तेही सांगा, कारण हाच पिक्चर अमेरिकेत 'कर्स ऑफ द डेमन' नावाने 12-13 मिनिटं कापून लावला होता आणि आम्ही आधी चुकून तोच बघितला होता.

आपला,
एक नियमित वाचक