ट्रेलरचे मागचे दिवे : बल्बआधी अर्थ तपासा

महोदय,

उरण, जेएनपीए (न्हावाशेवा बंदर), कळंबोली या पट्ट्यात मागचे दिवे बंद असलेले ट्रेलर रात्री सर्रास दिसतात. पोलिसांनी अडवले की चालक नवा बल्ब घालतो आणि चार दिवसांत पुन्हा अंधार. जुन्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा बल्ब बिचारा धडधाकट असतो, अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) गेलेला असतो.

इंडिकेटर लावल्यावर टेल लाइटही लुकलुकते किंवा ब्रेक दाबताच सगळेच दिवे मंदावतात, ही त्याची खूण. परतीची वाट नसल्याने करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून जातो. घोड्याकडून (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीकडून) येणाऱ्या सात पिनांच्या केबलमध्ये १ नंबरची पिन अर्थची. (वायरच्या रंगावर जाऊ नये, जुन्या गाडीत ते कधीच बदललेले असतात, सॉकेटवरचा नंबर पाहावा.) ही पिन काळी पडली किंवा आतली तार तुटली की करंट किंग पिन आणि टर्न टेबलमधून, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या सांध्यातून, परततो, आणि तिथे तर ग्रीस थापलेले! म्हणूनच दिवे वळणावर लागतात, सरळ रस्त्यावर विझतात.

तपासताना हमखास फसगत होते ती अशी : बल्ब काढून होल्डरला मीटर लावला की २४ व्होल्ट दिसतात आणि ‘वायर ओके’ म्हणून मेकॅनिक मोकळा होतो. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एका तारेवर तगलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते. २१ वॉटचा बल्ब सुमारे ०.९ अँपिअर ओढू लागला की तिचे पितळ उघडे पडते. तेव्हा बल्ब जागेवर ठेवून, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून मोजावे. मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टहून जास्त आले तर अर्थ खराब.

मग चासीवरचा बोल्ट काढून रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावा, वायरच्या टोकाला नवे थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवावे, बोल्ट आवळून वर ग्रीस लावावे. त्याहून बरे म्हणजे मागच्या दिव्यांपासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी अर्थ वायर थेट १ नंबरच्या पिनेपर्यंत ओढणे. वायर पिळून वर टेप गुंडाळलेले जॉइंट खाडीच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवे पडतात.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नये, वायरिंग पेटते. आधी केबल उपसून पाहावी. फ्यूज टिकला तर शॉर्ट केबलमध्ये किंवा ट्रेलरमध्ये आहे. केबल परत जोडून फ्यूजच्या जागी २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. वायरिंग हलवत जावे, जिथे तो मंदावेल तिथे वायर घासलेली सापडेल. बहुधा चासीच्या भोकात, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारे कडे) गळून पडलेल्या जागी.

बंदराच्या पार्किंग प्लाझात ट्रेलर नंबर लागेपर्यंत उभेच असतात. तिथे सात पिनांचा एक टेस्ट बोर्ड आणि एक वायरमन ठेवावा, आणि दिवे तपासल्याशिवाय ट्रेलर रात्री बाहेर सोडू नये, अशी बंदर प्रशासनाला विनंती.

– ट्रेलर वायरिंगचे काम करणारा एक वाचक, कळंबोली