डीबगर दाखवतो एक, चालते भलतेच

दिग्रस, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कापसाच्या गाड्या जिनिंगवर येऊ लागण्यापूर्वी वजनकाट्याचा प्रोग्राम उभा करण्याची तुझी घाई मी समजू शकतो. परंतु जीडीबी, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीवर थांबवून तपासणारा आपला डीबगरच बिघडला आहे, हा तुझा निष्कर्ष मला पटला नाही. तू लिहितोस की, भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करणाऱ्या ओळीवर तो बरोबर थांबतो, मात्र एक पाऊल पुढे टाकल्यावर निव्वळ वजन बदलत नाही, आणि पुढची खूण कोडमधल्या एका टिपणीवर (कॉमेंटवर) व नंतर चक्क रिकाम्या ओळीवर जाते. जिथे कोडच नाही, तिथे प्रोसेसर थांबणार कसा? तेव्हा थांबण्याची जागा खरी आहे आणि दाखवलेली ओळ खोटी आहे, असेच मानून चालावे लागते.

डीबगर तुझा कोड वाचून काही ठरवत नाही. '-जी' हा पर्याय देऊन कंपाइल करताना जीसीसी हा कंपाइलर प्रोग्रामच्या पोटात ड्वार्फ नावाच्या पद्धतीचा एक तक्ता ठेवतो आणि प्रोग्राममधला कोणता पत्ता (सूचनेची जागा) कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीचा, एवढेच त्यात असते. थांबल्यावर जीडीबी त्या तक्त्यातून ओळीचा क्रमांक काढतो आणि डिस्कवर त्या घटकेला जी फाइल असेल तिच्यातली त्या क्रमांकाची ओळ समोर ठेवतो. पीकपेऱ्यात सोयाबीन लिहिलेले आणि शेतात हरभरा उभा, असा हा प्रकार आहे.

म्हणून आधी चूक कशा स्वरूपाची आहे ते पाहा. फाइलच्या वरच्या भागात सर्व जुळत असेल आणि एका ठिकाणापासून खाली प्रत्येक ओळ सारख्याच अंतराने सरकलेली असेल, तर चालणारा प्रोग्राम जुना आहे आणि ते अंतर म्हणजे तू मध्ये घातलेल्या ओळी होत. याउलट खूण पुढे जाऊन पुन्हा मागे येत असेल आणि चलांची किंमत विचारल्यावर ती 'ऑप्टिमाइझ्ड आउट' असल्याचे उत्तर मिळत असेल, तर तो वेग वाढवण्यासाठी दिलेल्या '-ओ२' या पर्यायाचा परिणाम समज, कारण त्यामुळे कंपाइलर सूचनांचा क्रम बदलतो आणि लहान फंक्शने मोठ्यांत मिसळून टाकतो. त्यासाठी जीसीसी ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, डीबगिंगला सोयीचा '-ओजी' हा पर्याय उपलब्ध आहे. तुझ्या वर्णनावरून मात्र मला पहिलाच प्रकार दिसतो.

आता तू म्हणशील, प्रत्येक बदलानंतर मेक, म्हणजे बदललेल्या फाइल पुन्हा कंपाइल करवून घेणारे साधन, तर चालवतो! इथेच खरी गोम आहे. तुझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर सेलवर चालणारे घड्याळ नाही, आणि जिनिंगवर इंटरनेट नाही. समज, तू ३.५० ला कंपाइल केलेस आणि ३.५५ ला लाइन गेली. वीज परत आल्यावर तो पाय शेवटची जपून ठेवलेली वेळ, समज ३.१७, धरून सुरू होतो. मग तू कोड बदलून जतन करतोस, तेव्हा त्या फाइलवर ३.२५ ची वेळ पडते. मेक केवळ वेळा ताडून पाहतो. ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, ३.५० ची, म्हणजे कोडपेक्षा नवी, म्हणून तो तिला हातही लावत नाही. कोड प्रोग्रामपेक्षा नवा असल्याचा इशारा जीडीबी एरवी देतो, पण तोही याच वेळांवर अवलंबून असल्यामुळे गप्प राहतो. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये हे रोज घडू शकते.

पडताळणी सोपी आहे. 'रीडएल्फ -एन' ही आज्ञा प्रोग्रामच्या फाइलवर चालवून बिल्ड-आयडी, म्हणजे त्या बांधणीची ओळखखूण, कागदावर उतरव, कोडमध्ये एक ओळ वाढव, मेक चालव आणि पुन्हा पाहा. आयडी तोच राहिला, तर कंपाइल झालेच नाही. तो बदलूनही विसंगती कायम असेल, तर वजनकाट्याचा चालू प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू केला होतास का, ते तपास. फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस (प्रोग्रामची चालती प्रत) जुनाच प्रोग्राम धरून बसते, आणि '/प्रॉक' या फोल्डरमधील तिच्या क्रमांकाखालचा 'एक्झी' हा दुवा पाहिल्यास त्यापुढे 'डिलीटेड' असे लिहिलेले आढळते.

तूर्त 'मेक क्लीन' करून, म्हणजे जुन्या तयार फाइल पुसून, सर्व नव्याने बांध. कायमचा उपाय म्हणून नाण्याएवढ्या सेलवर चालणारे डीएस३२३१ या चिपचे घड्याळ बसव. ते लहानसे असते आणि पायच्या पिनांवर बसते. पावतीवरची वेळही तुझा प्रोग्राम पायच्याच वेळेवरून घेतो, त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याच्या पावतीवर कालची तारीख छापली जाण्यापूर्वी हे काम उरकून घे. घड्याळ नागपूरहून मागवायचे असेल तर तसे कळव. माझेही काही सामान तिकडून यायचे आहे, त्यासोबतच मागवतो. दोन्ही बिल्ड-आयडी मात्र मला लिहून पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र