रक्त थांबत का नाही?

महोदय,
अपघातातील जखमीला रुग्णालयात पोहोचवलं की रक्तस्राव थांबेल, असं आपण धरून चालतो. पण गंभीर जखमींपैकी साधारण चौथा हिस्सा रुग्णांची रक्त गोठण्याची यंत्रणा तिथे पोहोचेपर्यंतच कोलमडलेली असते. अंग गार पडतं, रक्तातली आम्लता वाढते आणि त्यानं रक्त गोठणं आणखी बिघडतं. त्यात नुसतं सलाइन चढवत राहिलं तर उरलंसुरलं रक्तही पातळ होतं. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड हे स्वस्तातलं औषध धरलेली गुठळी विरघळू देत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ चाचणीत २० हजारांहून अधिक रुग्णांमध्ये त्याचा उपयोग तपासला गेला आणि मृत्यू घटल्याचं दिसलं. मात्र ते पहिल्या ३ तासांतच द्यायचं. नंतर दिल्यास अपायाचीच भीती. मग ते रुग्णवाहिकेतच का नसावं? आणि जखमीच्या अंगावर पांघरूण घालायला तर डॉक्टरही लागत नाही.
– एक वाचक