फोर बाय फोर गाडीला बसवलेल्या चुकीच्या सामानाबद्दल तक्रार

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५
सोलापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जून २०२५ मध्ये बसवलेले टोचन हूक, टायर, सस्पेन्शन आणि स्नॉर्कल यांबाबत

महोदय,

मी जनावरांचा डॉक्टर आहे. विजापूर रोडला राहतो आणि दक्षिण सोलापूर व मोहोळ तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर रोज फिरतो. आपल्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये माझ्या २०२१ च्या डिझेल थारला पाच टायर, स्प्रिंग-शॉकचा संच, पुढचा स्टीलचा बंपर, त्यावर दोन हूक आणि स्नॉर्कल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) एवढे सामान बसवून घेतले. बिल २,४३,५०० रुपये झाले, ते मी त्याच दिवशी पूर्ण भरले. पाच महिने होत आले, यातली एकही वस्तू माझ्या उपयोगी पडलेली नाही आणि एका वस्तूपायी एका माणसाचा जीव जाता जाता वाचला. फोन करून करून थकलो, म्हणून आता लेखी कळवतो आहे.

आधी हुकाचे सांगतो, कारण बाकीचे पैशाने भरून येईल.

सप्टेंबरात सीनेला महापूर आला होता. वडकबाळजवळ विजापूरचा रस्ताही बंद पडला होता, हे आपण बातम्यांत पाहिले असेल. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी पहाटे एका वस्तीवरून फोन आला की म्हैस अडली आहे. डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर आत जायचे होते. वाट सगळी काळ्या मातीची, वर पुराचा गाळ. निम्म्या वाटेत गाडी रुतली. मालकाचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. आपल्याकडूनच घेतलेला दोर मी बंपरच्या उजव्या हुकाला शॅकलने (बोल्टने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) अडकवला, दुसरे टोक ट्रॅक्टरला. पहिल्याच ओढीला हूक बोल्टांसकट उपटला आणि दोराबरोबर सुटला. त्या पोराच्या डोक्यावरून वीतभर अंतराने जाऊन तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. तिथे माझी मूठ बसेल एवढा खळगा पडला आहे. दवाखान्यात औषधे तोलायच्या काट्यावर मी नंतर तो हूक ठेवला, वजन भरले १ किलो ४०० ग्रॅम.

खाली वाकून पाहिले तेव्हा कळले की हूक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, जोडलेलाच नव्हता. बंपरच्या दोन मिलिमीटरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट, मागे साधे वॉशर. बंपर आणि चॅसिस यांच्यामध्ये जी जाड ब्रॅकेट असायला हवी ती नाहीच. आपल्या बिलावर मात्र ‘हेवी ड्युटी रिकव्हरी हूक’ असे छापलेले आहे. दोरासोबत आपण दिलेल्या शॅकलवर ४.७५ टनांचा शिक्का आहे. असा शॅकल देणाऱ्याला तो ज्या हुकात अडकवायचा त्या हुकावर किती जोर येणार हे ठाऊक असायलाच हवे. ओढायचा दोर रबरासारखा ताणला जातो आणि ताणलेला जोर एकदम सोडतो. म्हणूनच तो पत्र्याला बांधायचा नसतो. हे आपले रोजचे काम आहे, माझे नाही.

शेवटी मागच्या बाजूने ओढून गाडी काढली. त्यात अडीच तास गेले. मध्ये दोनदा फोन आला, ‘डॉक्टर, कुठवर येलालाव?’ मी पोचलो तेव्हा म्हैस आडवी पडली होती आणि रेडकू आतच गेले होते. म्हैस वाचली. मी वेळेत पोचलो असतो तर रेडकू नक्की जगले असते असे मी म्हणणार नाही, अशा केसमध्ये तसे कुणीच सांगू शकत नाही. पण ते अडीच तास मला विसरता येत नाहीत.

आता टायर. काम देण्याआधी, १९ मे रोजी, मी आपल्या विक्री प्रतिनिधींना व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिले होते. तो मेसेज सोबत जोडला आहे, कृपया एकदा वाचा. रोजचा प्रवास ८० ते १०० किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांश डांबरी. गाडीत लसींची बर्फपेटी, औषधांची पेटी, बाळंतपणाचे साहित्य, सगळे मिळून ८०-९० किलो, शिवाय एक मदतनीस. मागितले होते तीनच : मूळ मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे) टायर, दोन भक्कम हूक आणि इंजिन-गिअरबॉक्सखाली संरक्षक प्लेट. उत्तर आले, ‘सर, पॅकेज घ्या, फायद्यात पडेल.’ समोर गेल्यावर म्हणाले, ‘चिखलात जायचंय ना, मग मड टायरच लागणार.’ मी मान डोलावली, हे खरे. माणूस जाणकाराकडे जातो तो त्याचे ऐकण्यासाठीच. प्लेट मात्र पॅकेजमध्ये नव्हती, ती आजही नाही.

मूळ टायर २५५/६५ आर १८ होते, आपण बसवले २८५/६५ आर १८. व्यास सुमारे ३९ मिलिमीटरने वाढला, म्हणजे गाडीचा पोटाखालचा भाग उचलला गेला जेमतेम दोन सेंटीमीटर. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावत असते, चढावर गिअर जड पडतो, आणि पूर्ण वळण घेतले की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. आपल्या मेकॅनिकने ते प्लास्टिक ब्लेडने कापून ‘ॲडजस्ट’ केले.

आमच्याकडची काळी माती भिजली की कशी होते हे बहुधा आपल्या माणसांनी पाहिलेले नाही. ती फुगते, तेलकट होते आणि ज्याला लागेल त्याला सोडत नाही. बुटाला लागली तर चार पावलांत पाय दोन-दोन किलोंचे होतात. मड टायरच्या खोल खाचांतून चिखल उडून जावा म्हणून चाक जोरात फिरावे लागते, पण वस्तीच्या अरुंद वाटेवर फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत संथ गिअरमध्ये), चालण्याच्या वेगाने जाताना ते होत नाही. खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. शिवाय रुंद टायर आणि मडगार्ड यांच्यात जागाच उरली नव्हती, तिथे चिखल दाटून पुढचे डावे चाक फिरायचेच थांबले. त्या पहाटे मी आणि मदतनिसाने खुरप्याने खरवडून ते मोकळे केले. मूळ मापाच्या, किंचित अरुंद टायरला वरून मोकळी जागा राहते आणि तो गाळ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. हवा थोडी कमी केली की आणखी बरे चालते. जुन्या टायरांवर मी चार पावसाळे असेच काढले होते. ते झिजले होते म्हणूनच आपल्याकडे आलो.

स्प्रिंगांबद्दल थोडक्यात. आपण बसवलेला संच विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), जादा टाकी, छतावरचा कॅरिअर अशा कायमच्या दीड-दोनशे किलोंच्या ओझ्यासाठी असतो, हे मला सोलापुरातल्या एका जुन्या मिस्त्रीने पाच मिनिटांत सांगितले. माझ्या ओझ्याला ती स्प्रिंग दबतच नाही. गाडी खड्ड्यात उसळते, लसींच्या काचेच्या बाटल्या आतापर्यंत तीनदा फुटल्या. आणि ‘दोन इंच लिफ्ट’ने बॉडी वर जाते, मागच्या डिफरन्शियलचा गोळा (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा लोखंडी डबा) जिथल्या तिथेच राहतो. दगडाला लागतो तो हाच गोळा, हे मला आधी सांगायला नको होते का?

या लिफ्टमुळेच पुढचे नुकसान झाले. मागचा ॲक्सल पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबू लागला, पण त्याच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या भोकाची) रबरी नळी आपण वाढवली नाही. ती ताणून निसटली. ऑक्टोबरमध्ये मी महामार्गावरून ३० किलोमीटर येऊन लगेच गुडघाभर ओढ्यातून गेलो. तापलेला ॲक्सल गार पाण्यात पडला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या भोकातून पाणी ओढते. आठवड्याने घरघर ऐकू आली म्हणून तेल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे होते. बेअरिंग, सील, तेल आणि मजुरी धरून १८,४०० रुपये गेले. इंजिनाचे नाक आपण छतापर्यंत नेले आणि खालची नळी उघडी सोडली. मूळ गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे बनवणारी कंपनी सांगते. गुडघाभर पाण्यासाठी मला स्नॉर्कल लागतच नव्हता.

बंपरबाबत आणखी एक. ‘हा पूर्ण लीगल आहे’ असे मला तोंडी सांगितले गेले. प्रत्यक्षात क्रॅश गार्ड आणि बुल बारवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करा, असे केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, आणि तो वाहनमालकाला. म्हणजे विकणार आपण आणि आरटीओसमोर उभा राहणार मी. एअरबॅगच्या सेन्सरवर या बंपरचा काय परिणाम होतो, यावर आपल्याकडून आजवर एक अक्षर आलेले नाही.

माझ्या मागण्या अशा. बंपर, हूक आणि स्नॉर्कल काढून त्यांचे ६०,५०० रुपये परत करावेत. स्प्रिंग-शॉक बदलून माझ्या खऱ्या ओझ्याचे द्यावेत किंवा ७८,००० रुपये परत करावेत. टायर परत घेऊन मूळ मापाचे ऑल-टेरेन द्यावेत, झालेल्या वापराची वाजवी वजावट मला मान्य आहे. डिफरन्शियलचे १८,४०० रुपये भरून द्यावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. त्यासाठी मला पुण्याला यावे लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा, आणि ते आजच करा. असाच बंपर आणि असेच हूक आपण ज्यांना ज्यांना बसवले, त्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून सांगा की या हुकाला दोर लावू नका. बिलांवर त्यांचे नंबर आपल्याकडे आहेतच. ट्रॅक्टरवरचे ते पोर अठरा-एकोणीस वर्षांचे आहे.

तुटलेला हूक, दोन्ही बोल्ट आणि फाटलेला पत्रा मी जपून ठेवला आहे. आपला माणूस दवाखान्यात येऊन केव्हाही पाहू शकतो.

आपला,
एक ग्राहक
विजापूर रोड, सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, १९ मे चा मेसेज, हूक व ट्रॅक्टरच्या मडगार्डचे फोटो, डिफरन्शियल दुरुस्तीची पावती