किगालीच्या कोचना, मनापासून मुराकोझे

प्रिय कोच,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, पण मला जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये नीट येत नाही आणि तुमच्या किन्यारवांडा भाषेत मला मुराकोझे म्हणजे थँक्यू एवढंच धड म्हणता येतं, म्हणून मराठीतच लिहितेय. लेक तुम्हाला वाचून अर्थ सांगेल.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीहून रवांडातल्या किगालीला आलो तेव्हा माझी शुगर नुकतीच निघाली होती. डॉक्टर म्हणाले रोज चाला. आता किगालीत दारातून बाहेर पडलं की एकतर चढ नाहीतर उतार, शहरच समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरच्या वर, दहा मिनिटांत धाप लागायची आणि मी घरी परत. त्याआधी भारतात एका जिमला सहा महिन्यांचे पैसे भरले होते, तिथला ट्रेनर लांबूनच "और दस, और दस" ओरडायचा, गुडघा दुखतोय म्हटलं तर म्हणायचा आंटी बहाणे मत करो. तेव्हापासून व्यायाम म्हटलं की पोटात गोळाच यायचा.

मग तो कार फ्री डे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, किगालीत २०१६ पासून हे सुरू आहे, आता महिन्यातून दोन रविवारी सकाळी काही मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, लोक पळतात, सायकली चालवतात, बीपी-शुगर फुकट तपासून मिळते आणि सगळे मिळून रस्त्यावरच एरोबिक्स करतात. मी फक्त शुगर तपासायला आले होते आणि कडेला उभी होते. तुम्ही स्टेजवरून उतरून आलात, मी गुडघ्याकडे बोट दाखवलं, तर तुम्ही हसला नाहीत की समजावत बसला नाहीत, सरळ माझा हात धरून त्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवलात. खालचा आवाज तळव्यात धडकत होता. तुम्ही म्हणालात, माझे पाय बघू नको, हा आवाज आला की गुडघा एवढाच वाकव, आणि दोन बोटांत जेमतेम चार इंचांचं अंतर दाखवलंत.

ते आमापियानो होतं हे नंतर कळलं. दक्षिण आफ्रिकेतलं संगीत, मिनिटाला साधारण ११२ ते ११५ ठोके. त्यातला तो लॉग ड्रम म्हणजे खरा ढोल नाही, कॉम्प्युटरवर वाजवलेला बेसचा आवाज आहे, पण दोन ठोक्यांच्या मधे तो इतकी जागा सोडतो की माझ्यासारखीला खाली जाऊन वर यायला वेळ मिळतो. वरती शेकरची, म्हणजे खुळखुळ्यासारख्या वाद्याची सळसळ चालू असते, ती हातांसाठी. पाय खालचं ऐकतात, हात वरचं. रिम्वे, काबिरी, गाताटू, काने म्हणत तुम्ही मोजायचात आणि कितवा सेट चाललाय ते मी विसरूनच जायचे.

आणि काँगोची गाणी! आधी निवांत गायन, तेवढ्यात आपण श्वास जमवायचा, मग सेबेन सुरू होतं, गायक बाजूला होतो आणि गिटार तेच तेच वळण घेत पळत सुटते. तुम्ही सेबेन यायच्या जरा आधी हात वर धरून ठेवता ना, त्या दोन सेकंदांत सगळा रस्ता थांबलेला असतो. तेव्हा दमायला होतं हे लक्षातच राहत नाही, खरंच सांगते.

जेरुसलेमा लावलंत त्या दिवशी मला रडू आलं होतं, तुम्ही विचारलंत काय झालं, तेव्हा सांगता आलं नाही. मास्टर केजी आणि नॉमसेबो झिकोडेचं ते गाणं, २०२० मध्ये लॉकडाऊनात जगभर लोक त्यावर नाचले, मीही मोबाईलवर ते व्हिडिओ पाहिले होते. पण ती देवाची प्रार्थना आहे हे तुमच्याकडून कळलं. आमच्याकडे पंढरीच्या वारीत टाळ वाजवत पावली खेळतात, दोन पावलं पुढे, मागे, झुकून परत वर, आणि तोंडाने देवाचं नाव. माझी आजी सत्तरीत खेळायची. तिला कुणी कधी व्यायाम कर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी किगालीच्या रस्त्यावर माझे पाय आपोआप तिच्यासारखे पडत होते.

शुगर गेलेली नाही, गोळी चालू आहे, पण आकडा खाली आलाय आणि घरासमोरचा चढ मी न थांबता चढते. हे तुमच्यामुळे.

पुढच्या रविवारी शेंगदाण्याची चटणी आणतेय, तुम्ही भाजीतही दाणे घालता म्हणजे आवडेल. आणि प्लीज, सेबेन दोनदा लावा.

मुराकोझे चाने.

तुमची दुसऱ्या रांगेतली, निळ्या ओढणीवाली