टेनिसच्या क्रमवारीतला आकडा वाचायला शिकवणाऱ्या प्रशिक्षक सरांना

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

नैरोबीत मुले वाढवणाऱ्या मराठी पालकांनीही वाचावे, म्हणून हे आभाराचे पत्र मराठीत लिहीत आहे; आपल्याला त्याचा अर्थ माझी मुलगी सांगेलच.

जुलै 2022 मध्ये केनियाची टेनिसपटू अँजेला ओकुटोयी हिने डच जोडीदारासह विंबल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली केनियन खेळाडू ठरली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. पुढे मोठ्या स्पर्धांत तिचे नाव दिसेना, तेव्हा मुलीचे टेनिस चालू ठेवावे की नाही, या विचाराने मी बेचैन झाले. त्या दिवसांत सराव संपल्यावर आपण मला बाकावर बसवून वहीच्या पाठकोऱ्या पानावर सगळा हिशेब मांडून दाखवलात. एकूण 15,000 डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती साधारण दीडशे डॉलर पडतात, आणि ट्युनिशियातील मोनास्टिरसारख्या ठिकाणी जाण्याचे विमानभाडे, राहणे, जेवण, रॅकेटचे गटिंग (नव्या तारा बसवणे) हे सारे तिलाच सोसावे लागते. युरोपातली मुलगी रेल्वेने पुढच्या स्पर्धेला पोहोचते. केनियाच्या मुलीला ती सोय नाही.

मार्च 2024 मध्ये अँजेलाने अक्रा येथील आफ्रिकन क्रीडास्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तरी जागतिक क्रमवारीत पहिल्या 400 खेळाडूंत असण्याची अट आड आल्याने तिचे पॅरिस ऑलिंपिक हुकले. विंबल्डनच्या त्या अंतिम सामन्यात 3-6, 6-4, 11-9 असा पराभव पत्करलेल्या जोडीतली कॅनडाची व्हिक्टोरिया एम्बोको 2025 मध्ये माँट्रियलची स्पर्धा जिंकली. दोघींमध्ये पुढे पडलेले सारे अंतर केवळ गुणवत्तेचे आहे, हे मला आता पटत नाही. अँजेलाने अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संघातून खेळणे ही माघार नव्हे, हेही आपणच समजावलेत.

नैरोबी 1,700 मीटरपेक्षा उंचावर असल्याने इथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि समुद्रकाठच्या कोर्टवर इथल्या मुलांचे फटके आखूड पडतात. म्हणून आपण माझ्या मुलीला मुद्दाम जड चेंडूंवर तासन्‌तास खेळवलेत, आणि त्या जादा वेळेचे पैसे कधी घेतले नाहीत. पुढल्या महिन्यात ती मोनास्टिरला पात्रता फेरी खेळणार आहे. या साऱ्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
नैरोबीतील एक आई